टाळू काय म्हणते?

कुणाचंही तान्हं बाळ माझ्याकडं आलं की माझा हात आधी त्याच्या टाळूवर जातो. नाव विचारायच्या आधी, ते आईवर गेलंय की बापावर हे ठरवायच्या आधी. लोक म्हणतात, डॉक्टर आहेत, सवयच असणार. मी हसून सोडून देते. ही सवय मला कॉलेजानं लावलेली नाही. ती भागरथाबाईची आहे, आणि बाई गेल्यापासून मी ती जपून वापरते आहे.

चंद्रपूरला तेव्हा चांदा म्हणत आणि गडचिरोली त्याच जिल्ह्यात होती. पन्नासनंतरची ती वर्षं. नागपूरला शिकून मी छोट्या आगगाडीनं सिंदेवाहीला उतरले आणि तिथून बैलगाडीनं अर्धा दिवस जंगलाच्या कडेकडेनं दवाखान्यात पोचले. वीस खाटा, कौलारू छप्पर, वीज नाही. ऑपरेशनं व्हायची ती सकाळी, पूर्वेच्या मोठ्या खिडकीच्या उजेडात. मोठे डॉक्टर एकच होते. पन्नाशीचे, तोंडानं तापट आणि हातानं हलके. बायकामुलांसाठी मी नवी आलेली. आणि भूल द्यायला भागरथाबाई.

भूल द्यायला कुणीतरी शिकलेला माणूस असेल अशी माझी समजूत होती. समोर आली ती चाळिशीची, काळीसावळी, हिरव्या लुगड्याचा कासोटा घट्ट मारलेली बाई, अनवाणी. ढिवराच्या घरातली. बाप आणि भाऊ तळ्यावर मासे धरायचे, आणि ही लग्नाआधीपासून गावातल्या तान्ह्या पोरांना न्हाऊ घालायची. मोहाच्या बियांचं तेल कोमट करून टाळू भरायची. नवरा गेल्यावर दवाखान्यात झाडूला लागली, आणि आधीच्या डॉक्टरांनी हिचा हात पाहून हिच्या हाती ईथरची बाटली दिली. मला हा सगळा प्रकार गावठी वाटला. पदवीची शाई वाळली नव्हती ना.

पहिल्याच आठवड्यात आठ महिन्यांचं एक पोर आलं, मानेवर मोठं गळू. मोठे डॉक्टर हात धुऊन, दोन्ही हात वर धरून उभे. पोर उपाशी, त्यामुळं आकांत करत होतं. मी म्हटलं, धरा घट्ट आणि ठेवा मास्क, दोन मिनिटांत गप्प होईल. आम्हाला शिकवलंच तसं होतं. भागरथाबाईनं माझ्याकडं नुसतं पाहिलं, पोराला उचललं आणि चालू लागली.

ऑपरेशनच्या खोलीबाहेर पडवी होती. तिच्या वाशाला जुन्या लुगड्याची झोळी कायमची टांगलेली. मला वाटलं होतं, कुणीतरी काढायची विसरलं. बाईनं पोर त्या झोळीत घातलं, आईला झोका द्यायला सांगितलं आणि स्वतः खाली मांडी घालून बसली. आतून डॉक्टर ओरडले, "बाई, अजून किती वेळ?"

"घाई हाय तं मोठ्या माणसाले भूल द्या," बाई जागेवरून म्हणाली. "रडत्या लेकराले मी देत नाई."

मला वाटलं आता हिची नोकरी गेली. डॉक्टर पुटपुटत पुन्हा हात धुवायला लागले. दहा मिनिटांत पोर हुंदके देत देत झोपलं. मग बाईनं तारेचा, वर कापड ताणलेला मास्क झोळीतच त्याच्या नाकापासून वीतभर लांब धरला. बाटलीच्या बुचाला खाच पाडून तिच्यातून कापसाची वात काढलेली असायची. पहिला थेंब तिनं स्वतःच्या तळहातावर सोडला. ईथर गार लागतं, किती गार लागलं त्यावरून तिला थेंबाचा अंदाज यायचा. मग एक थेंब कापडावर. मग श्वास मोजून दुसरा. मास्क बोट बोट जवळ येत गेला, आणि पोराला कळलंही नाही की आपण एका झोपेतून दुसऱ्या झोपेत गेलो. या सगळ्या वेळात तिच्या डाव्या हाताची दोन बोटं त्याच्या टाळूवर होती.

संध्याकाळी मी जरा तोऱ्यातच विचारलं, "टाळूवर बोटं कशाला ठेवता? नाडी तर मनगटाला असते."

"नाडी दम सांगते," ती म्हणाली. "टाळू डोक्यातलं सांगते. रडलं का फुगते. मान वाकडी झाली का फुगते. लेकरू ईथरात कुंथलं, खोकललं का फुगते. कोंडलं त्याच्या डोक्यात, तं ते जाईन कुठी?"

माझ्या पुस्तकात कवटी ही बंद पेटी होती. आत मेंदू, रक्त आणि पाणी. त्यातलं एक वाढलं की बाकीच्यांवर दाब येतो, इतकं मी पाठ करून पास झाले होते. भुलीच्या औषधानं तो दाब कमीजास्त होतो असंही कुठंतरी दोन ओळींत वाचलं होतं. पण लहान मुलाच्या त्या पेटीला दीड वर्षापर्यंत एक मऊ खिडकी असते आणि बोट ठेवलं तर आतला दाब कळतो, हे मला कुणी सांगितलं नव्हतं. जिनं सांगितलं तिला सही करता येत नव्हती.

मोठे डॉक्टरही आधी माझ्यासारखेच होते म्हणे. एकदा बाईनं पोराच्या डोक्याखाली लुगड्याची घडी घातली म्हणून ते चिडले. बाईनं काही न बोलता त्यांचं बोट धरून टाळूवर ठेवलं, घडी काढली, मान जराशी वळवली. मग मान सरळ केली, घडी परत घातली. टाळू फुगली आणि बसली, दोन्ही डॉक्टरांच्या बोटाला कळलं. तेव्हापासून तान्ह्या पोरावर सुरी लावण्याआधी ते खिडकीकडं तोंड करून एकच प्रश्न विचारायचे, "बाई, टाळू काय म्हणते?"

"निजली हाय," असं उत्तर आलं की सुरी चालायची. "उठून राह्यली" असं आलं की थांबायची. तिथं आमच्या पदव्यांना काही किंमत नव्हती, आणि खरं सांगायचं तर मला त्याचा फार दिवस राग आला.

राग गेला तो नव्या औषधामुळं. डॉक्टरांनी नागपूरहून शिरेतून द्यायचं भुलीचं इंजेक्शन आणलं. ना वास, ना गुदमरणं. मी खूश होते. आता झोळी आणि थेंब संपले, असं मी बाईला ऐकवलंही. फाटक्या ओठाचं एक सहा महिन्यांचं पोर होतं. डॉक्टरांनी डोक्यावरच्या बारीक शिरेत सुई घातली आणि बघता बघता ते शांत झालं.

"खाली गेली," बाई नवलानं म्हणाली. "लई खाली गेली. अशी तं ईथरात कधी नाई गेली." मी तिच्याकडं विजयानं पाहिलं. डॉक्टर ओठाकडं वळले. मिनिटभरानं ती परत बोलली, "आता वर येऊन राह्यली. काऊन येऊन राह्यली?" आणि उत्तराची वाट न पाहता तिनं पोराची हनुवटी वर उचलली. "डाक्टरसाब, छाती पाहा."

छाती जेमतेम हलत होती. आम्ही दोघं शिकलेली माणसं ओठ बघत बसलो होतो. बाईनं जबडा पुढं ओढून धरला, डॉक्टरांनी तळव्यानं छाती दाबून श्वास चालवला, आणि निळसर झालेलं तोंड हळूहळू गुलाबी झालं. पाठोपाठ टाळूही बसली. नंतर डॉक्टरांनी पडवीत बसून आम्हा दोघींना समजावलं. त्या औषधानं मेंदूतला दाब उतरतो हे खरं, पण श्वास मंद पडला की बाहेर टाकायची हवा रक्तातच साठते, तिनं मेंदूच्या शिरा फुगतात आणि दाब पुन्हा चढतो.

"मंग औषध चांगलं का वाईट?" बाईनं विचारलं.

"औषध चांगलंच आहे. श्वास सांभाळावा लागतो."

"म्हणजे माहं काम काही कमी नाई झालं," ती म्हणाली आणि चहाला उठली. मी त्या दिवशी तिच्या मागोमाग गेले आणि पहिल्यांदा तिच्याशेजारी बसून चहा प्याले.

त्या चहाबद्दल मला सांगितलंच पाहिजे. पितळी पेल्यात उकळता चहा यायचा. आम्ही पदरानं, रुमालानं धरायचो. दोनेक वर्षांनी एकदा मी पाहिलं, बाई तो पेला उघड्या हातानं धरून निवांत पीत होती. आमची स्वयंपाकीण म्हणाली, बाईचे हात लोखंडाचे. सगळे हसलो, मीही हसले. त्याच सुमाराला ती पहिला थेंब तळहातावर न सोडता कोपराच्या आतल्या बाजूला सोडायला लागली. आणि टाळूवर बोटं ठेवण्याऐवजी वाकून गाल ठेवायला लागली. मास्क अगदी तिच्या तोंडाशी यायचा, ऑपरेशन संपलं की तिला गरगरायचं, भिंत धरून बाहेर जायची. आम्हाला वाटलं, वय वाढलं, माया वाढली. पोटी मूल नाही बिचारीला. डॉक्टर चिडवायचे, "बाई, लाड मागून करा." मी डॉक्टर होते. तीन गोष्टी डोळ्यांपुढं होत्या आणि मी त्यांत माया पाहत बसले.

कार्तिकातली गोष्ट. धान कापणीला आलेलं, पाखरं राखायला बायका लेकरांसकट शेतातल्या उंच माळ्यावर बसायच्या. एका सकाळी एक बाई नऊ महिन्यांचं पोर पोटाशी धरून आली. "गोफण माराले उठली मी," ती परत परत तेवढंच म्हणत होती. "एवढीच उठली. अन् हा खाली." पोर पडलं आदल्या दुपारी. आधी रडलं, मग खेळलं, मग सकाळपासून ओकत होतं. आता ते हाक मारून उठत नव्हतं आणि एक बुबुळ दुसऱ्यापेक्षा मोठं दिसत होतं. कानाच्या वर हाड दबलेलं लागत होतं. आत रक्त साठलं होतं. नागपूरची गाडी दुसऱ्या दिवशी, आणि याला दुसरा दिवस नव्हता. हाडाला भोक पाडून रक्त काढायचं, इथंच, आत्ता.

पेच असा की भुलीशिवाय पोर ऐन वेळी हललं तर भोक पाडायचं हत्यार आत जाईल, आणि ईथर दिलं तर आधीच तटतटलेला दाब आणखी चढेल. शिरेतलं औषध संपलं होतं. डॉक्टर बाईकडं बघत होते. बाई खाली, स्वतःच्या हातांकडं बघत होती. मला वाटलं ती देवाचं नाव घेते आहे.

मग ती कामाला लागली. डोक्याखाली लुगड्याच्या दोन घड्या, मान सरळ, हनुवटी वर. गाल टाळूवर. जखमेच्या बाजूला मी स्वच्छ कापड धरलं. डॉक्टरांनी या वेळी चिडवलं नाही. "बाई, टाळू काय म्हणते?"

"तटतटून हाय. थांबा."

एक थेंब. मग ती मास्क बाजूला घेऊन त्याला नुसती हवा घेऊ द्यायची, चारपाच श्वास. पुन्हा एक थेंब. "चढली. थांबा." बाहेर त्याची आई पडवीत रिकामी झोळी हलवत उभी होती, तिला कुणी सांगितलं नव्हतं तरी. किती वेळ गेला ते सांगता येणार नाही, पण खिडकीचं ऊन टेबलाच्या पायाशी होतं ते सरकून भिंतीशी गेलं. मग बाईचा आवाज आला, एकदम हलका. "आता थोडी उतरली. हात चालवा, डाक्टरसाब. लवकर."

डॉक्टरांनी हत्यार फिरवलं. काळं रक्त बाहेर आलं, चमचाभर, मग आणखी. बाईनं डोळे मिटले होते. "गेली," ती म्हणाली. "खाली गेली." तिचा गाल ईथरनं लाल झाला होता आणि ती तो उचलत नव्हती.

पोर दुपारी रडलं. त्या दवाखान्यात कुणाच्या रडण्याचा इतका आनंद मी पाहिला नाही. बाई मात्र आवराआवर करत होती. शेजारच्या खोलीत हत्यारं उकळत ठेवली होती. तिनं त्या भांड्याचं झाकण उघड्या हातानं काढलं, धरून ठेवलं आणि मला विचारलं, "याले काही खाऊ कधी द्याचं?"

वाफ तिच्या बोटांवरून जात होती. मी झाकण तिच्या हातातून हिसकावलं. बोटांवर फोड आले होते, आणि त्यांच्याखाली जुने, बरे झालेले डाग. मी खिशातून कापूस काढला. "डोळे मिटा बाई. कुठं लागतो सांगा."

तिनं डोळे मिटले नाहीत. "नका करू," ती म्हणाली. "मले माहीत हाय. साल होऊन गेलं. करंगळीपासून सुरू झालं. बोटं काहीच सांगत नाई आता."

चोळीची बाही वर सारून तिनं दंडावरचा फिकट चट्टा दाखवला. कुष्ठरोग. आमच्या ओसरीवर आठवड्याला चार तरी रोगी येत होते आणि मी त्यांना वेळीच का नाही आलात म्हणून रागावत होते.

"गालाले कळते अजून," ती म्हणाली. "पहिले सांगाचंच होतं. पण एकएक लेकरू येऊन राह्यलं. म्हटलं, याचं होऊ दे. मंग त्याचं होऊ दे."

मी कुणाला सांगणार नाही, असं मी म्हणाले. मनापासून म्हणाले. ती हसली. दुसऱ्या सकाळी तिनं स्वतःच मोठ्या डॉक्टरांना सांगितलं. ते स्टुलावर बसले आणि बराच वेळ चष्मा पुसत राहिले. नव्या गोळ्या आल्या आहेत, रोग थांबतो, इथंच राहा, म्हणाले. बोटांत जाणीव परत येईल का, हे तिनं विचारलं तेव्हा त्यांनी खोटं बोलायचा प्रयत्न केला, पण तो त्यांना जमला नाही.

"मंग नाई," ती म्हणाली. "गालही जाईन एक दिवस. त्या दिवशी टेबलावर कोणाचं लेकरू राहीन?"

ती आठ दिवस थांबली, माझ्यासाठी. ऑपरेशनच्या वेळी दोन हात लांब, भिंतीला टेकून उभी राहायची. बोटं माझी असायची. "काय लागते, सांगा." मी सांगायची: मऊ आहे, थोडी उडते आहे. "उडू द्या. ते बरं." मी सांगायची: भरली. "घट्ट का नुसती भरली? नीट सांगा डाक्टरीणबाई, मले इथून दिसत नाई." एकदा मी चुकले तेव्हा तिचा हात पुढं आला आणि अर्ध्यातून परत गेला. नवव्या दिवशी ती चांद्याकडच्या कुष्ठरोग्यांच्या एका वसाहतीत गेली. झोळी वाशाला तशीच राहिली. ती काढायचं कुणी सुचवलं नाही.

पुढं माझं लग्न झालं, मी नागपूरला आले. मुलगी पाच महिन्यांची झाली तेव्हा घरात कुणाला खरं न सांगता मी तिला घेऊन त्या वसाहतीत गेले. बाई भाजीच्या वाफ्यात होती. कुंपणापाशी आली. केस पांढरे झाले होते, बोटं वळली होती, आणि तिनं हात पदराखाली घेतले.

"आणली काय?" ती म्हणाली. "दाखवा."

मी मुलीला वर धरलं. मध्ये कुंपण होतं, कमरेइतकं. मला सगळं माहीत होतं. ती वर्षानुवर्षं गोळ्या घेत होती, धोका नव्हता, मी स्वतः रोग्यांना हेच समजावत होते. एक पाऊल पुढं टाकलं असतं तर तिचा गाल माझ्या लेकीच्या टाळूला लागला असता. त्यासाठीच तर मी इतक्या लांबून आले होते. आणि माझे हात तिथंच थांबले.

तिनं ते पाहिलं. तान्ह्या पोराचा अर्धा श्वास चुकला तरी जिला कळायचं, तिला हे न कळायला काय झालं?

"राहू द्या," ती म्हणाली. रागानं नाही. "तुम्हीच ठेवा बोटं. अन् सांगा मले."

मी बोटं ठेवली. "मऊ आहे," मी म्हणाले. "खाली आहे. थोडी उडते आहे."

तिनं डोळे मिटले. मान डावीकडं जराशी कलली, गाल टेकायला झुकायची तशी, आणि हवेतच थांबली. "निजली हाय म्हणा," ती म्हणाली.

"हो बाई. निजली आहे."

गाडीवाला हाका मारत होता. मी वळून पाहिलं तेव्हा ती तशीच उभी होती, डोळे मिटून, मान कललेली. माझ्या मुलीची टाळू त्याच वर्षी भरून आली. पुन्हा जाईन म्हणत होते, तेवढ्यात बाई गेल्याचं पत्र आलं. आता कुणाचंही बाळ हातात आलं की मी आधी बोटं ठेवते. मग, कुणी बघत नसेल तर, गाल ठेवते.